नाव घेतल्याशिवाय दिवा लागत नाही

धाकटे दीर पुण्याहून कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. पण त्या संक्रांतीला त्यांनी जे खोकं आणलं, ते बघून आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं मिक्सर आहे. त्यातून निघाले बल्ब, भिंतीत बसवायची बटणं, पाण्याच्या टाकीत सोडायची एक वायर, मनगटावरचं एक जाडजूड घड्याळ आणि लाडवाच्या डब्याएवढी एक गोल काळी डबी. ही डबी बोलते, असं त्यांनी सांगितलं. मी मनात म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आमच्या घरात बोलणाऱ्यांची कमी कधीच नव्हती.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि मामंजींना साखरेचा आजार. दिवाळीच्या आधी ते एकदा ओट्यावर बसल्या बसल्या कलंडले होते. वाटूर फाट्यापासून थोडं आत आमचं गाव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमचे हे दिवसभर शेतात, मुलं शिकायला बाहेर. म्हणजे दिवसा घरात हे दोघंच. पुण्यात बसून दिरांच्या जिवाला घोर लागणारच. लेकराला घोर लागला की ते एक तर फोन करून आईबापाला भंडावून सोडतं, नाही तर वस्तू पाठवतं. आमच्या दिरांनी दोन्ही केलं.

दोन दिवस ते स्टुलावर चढून होते. तिसऱ्या दिवशी घर शहाणं झालं. टाकी भरली की मोटर आपली आपण बंद व्हायला लागली. एरवी टाकी वाहून अंगणात चिखल व्हायचा आणि त्यावरून मी आणि आमचे हे भांडायचो, ते एक भांडण कायमचं मिटलं. न्हाणीत पाऊल टाकलं की दिवा लागायचा. फाटकाशी कोण आलंय ते फोनवर दिसायचं. मी तोंड वाकडं करायचं ठरवूनच बसले होते, पण टाकीमुळे ते मला जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर डबीचंही कौतुक वाटलं. या घरात सून होऊन आल्यापासून माझं म्हणणं एवढं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

मामंजींना मात्र डबी पहिल्या दिवसापासून नकोशी. "भित्ताडाशी बोलायला म्या काय येडा हाय का?" एवढं बोलून ते उठले. त्यांचं कायम ऐकावे जनाचे, करावे मनाचे. घड्याळ तेवढं दिरांनी हात जोडून बांधायला लावलं. त्यात सिम होतं, आणि मामंजी बटण दाबणार नाहीत हे माहीत असल्यामुळे, घरच्या कुणाचा फोन आला की घड्याळ स्वतःच तो उचलेल अशी सोय दिरांनी करून ठेवली होती. पण सोय करून काय उपयोग? दीर पुण्याहून फोन लावायचे, मामंजींच्या मनगटातून "बापू, ऐकू येतंय का" असा आवाज यायचा, आणि मामंजी हात खाली सोडून खुशाल पेपर वाचत बसायचे. त्यांना कमी ऐकू येतं असं ते सांगतात. पण स्वयंपाकघरात चहा कपात ओतला की बाहेर ओट्यावर बरोबर ऐकू येतं.

मी दिरांना म्हटलं, घड्याळाचा नंबर तरी लिहून द्या. ते हसले. "वहिनी, नंबर लक्षात ठेवायचे दिवस गेले. नुसतं नाव घ्यायचं."

घोडं पेंड खात होतं ते इथंच.

आमच्याकडे खोल्यांना नावं नाहीत. ही मधली, ती कडेची, असंच चालतं. डबीला मात्र नाव लागतं. म्हणून दिरांनी ज्याची खोली त्याचं नाव तिला सांगून ठेवलं. आमच्या थोरल्याची खोली त्याच्या नावाने, आमची खोली आमच्या ह्यांच्या नावाने, आणि आत्याबाई-मामंजींची खोली मामंजींच्या नावाने. खोलीतला दिवा, पंखा, हातातलं घड्याळ, सगळं मामंजींच्या नावावर. सातबारा असल्यासारखं.

आणि आत्याबाईंनी त्यांचं नाव उभ्या आयुष्यात साधं म्हणून कधी उच्चारलेलं नाही. नवरा म्हणजे 'हे'. लांब असले तर 'तिकडचे'. हाक मारायची तर 'आवं'. बाहेरच्या माणसाने विचारलं, तर त्या शेजारी उभ्या असलेल्या पोराला म्हणतात, "सांग रं, तुझ्या आज्याचं नाव." दवाखान्यात केसपेपर काढताना नर्सने विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तरी कुठं घेणार? सासऱ्याचं नाव सुनेने घेत नाहीत. मी कागदावर लिहून नर्सपुढे सरकवलं होतं.

आता कुणी म्हणेल, बाई शाळेत शिकवता आणि हे काय. मीही वर्गात मुलींना सांगते की यात काही अर्थ नाही. पण पंचवीस-तीस वर्षं जो शब्द जिभेवर आला नाही, तो एका दिवसात येत नसतो. लिहायला हात अडत नाही, बोलायला जीभ अडते. इथेही मी तो लिहिणार नाहीये, त्याला वेगळं कारण आहे. ते नाव आता कुणाचं आहे ते पुढे कळेल.

डबीला हाक मारायचं नाव परदेशी होतं. ते आत्याबाई बिनदिक्कत घ्यायच्या. परक्या बाईचं नाव घ्यायला कसली आडकाठी! हाक मारली की डबीवर निळा उजेड फिरायचा, आणि आत्याबाई पदर सावरून म्हणायच्या, "ह्यांचा दिवा लाव गं बाई."

डबी म्हणायची, "माफ करा, हे नाव सापडलं नाही."

"अगं ह्यांचा! खोलीतला!"

"कोणत्या खोलीतला?"

"आत्ता गं बया. ही मलाच इचारून राह्यली."

गुडघ्यामुळे त्यांना खाटेवरून उठून बटणापर्यंत जाणं जिवावर यायचं, म्हणून तर हे सगळं केलं होतं. त्यांनी सगळे मार्ग करून पाहिले. मालकाचा दिवा म्हणून झालं, पोरांच्या बापाचा दिवा म्हणून झालं. 'म्हाताऱ्याचा दिवा' असंही एकदा हळूच म्हणून बघितलं. डबी हटायला तयार नाही. मी कपडे वाळत घालताना खिडकीतून ऐकत होते आणि हसू दाबत होते.

शेवटी त्यांना आठवलं की नाव घ्यायची एक रीत आपल्याला येते. उखाणा! हळदीकुंकवाला, मुलांच्या लग्नात, बायकांनी अडवून धरलं की त्या घ्यायच्याच. उखाण्यात नाव घेतलं तर ते नाव घेतल्यासारखं नसतं, त्याला दोष नाही. त्यांनी डबीसमोर खुर्ची ओढली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि सुरात सुरू केलं:

"मोसंबीच्या बागंला ठिबकचं पाणी,
—रावांचं नाव घेते, ऐक गं राणी."

डबीवर निळा उजेड फिरला. मग म्हणाली, "खरेदीच्या यादीत मोसंबी जोडली आहे."

मी हातातली चादर टाकून खालीच बसले. घरची दोन वावरं मोसंबीची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पिशव्या भरभरून देतो, आणि ही आम्हाला मोसंबी विकत आणायला सांगते. आत्याबाईही हसल्या, पण मनातून खट्टू झाल्या. "येवढं घेतलं, तरी हिला भागलं न्हाई," म्हणाल्या, आणि काठी टेकत उठून हाताने बटण दाबलं. मी दिरांना फोनवर सांगितलं. ते पोट धरून हसले, 'बदलतो वहिनी, रविवारी बदलतो' म्हणाले आणि त्यांच्या कामात विसरून गेले. वरून त्यांनी आणखी एक करून ठेवलं होतं. माझ्या वर्गातली पोरं घरी आली की डबीला भलत्यासलत्या आज्ञा द्यायची, कुणाला तरी फोन लागायचे. म्हणून फोन लावायचं काम डबी फक्त दिरांच्या आणि आत्याबाईंच्या आवाजावर करेल असं बांधून टाकलेलं; माझा आवाज द्यायचा राहूनच गेला. आत्याबाईंचा आवाज तिला ओळखीचा करून देताना दिरांनी त्यांच्याकडून कायकाय वाक्यं म्हणवून घेतली होती. त्यात हे नाव तेवढं नव्हतं.

मग उन्हाळा आला. शाळेला सुट्टी लागली, लग्नसराई सुरू झाली. त्या दिवशी भावकीतलं लग्न होतं, जांब समर्थला. सकाळीच जीपा भरून सगळी गल्ली गेली. आमचे हेही गेले. आत्याबाईंना गुडघ्यामुळे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी थांबले. मामंजी म्हणाले, "माझं काय काम तिथं, मी वावरातून चक्कर मारून येतो." खारी ठिबकच्या नळ्या कुरतडतात, त्या जोडायचं त्यांना वेड आहे. खिशात जोडण्या टाकल्या आणि निघाले. साखरेची गोळी सकाळीच घेतलेली. डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही.

जेवणाची वेळ टळून गेली. मी ताट वाढून झाकून ठेवलं. आत्याबाई दोनदा दाराशी जाऊन आल्या.

"येतील," मी म्हटलं.

"ते जेवायला उशीर करत न्हाईत," त्या म्हणाल्या. "भांडतील, पर येळंवर जेवतील."

खरं होतं. मी त्यांच्या फोनवर फोन लावला, तर तो आतल्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता, तिथेच वाजला. आमच्या ह्यांना लावला. मांडवात बँड वाजत असेल, कोण उचलतंय. दिरांना लावला, बंद. घड्याळाचा नंबर आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. बाहेर येऊन पाहिलं तर गल्लीत कुत्रंही दिसेना.  आमची वावरं दोन, एक ओढ्याकडे खाली, एक वर रस्त्याकडे. गावाच्या दोन टोकांना. एकीकडे पळत जावं आणि ते दुसरीकडे असले तर? सावलीत बसलेले असतील तर चिंता नाही. पण साखर उतरून पडले असतील, तर त्या उन्हात माणूस किती वेळ तग धरणार?

आत्याबाई डबीकडे बघत होत्या.

मी पुढे झाले. डबीला हाक मारली. निळा उजेड फिरला. "मामंजींना फोन लाव," म्हटलं. तेच, नाव सापडलं नाही. मग मी डोळे मिटले आणि सासऱ्याचं नाव घेतलं. मोठ्याने, स्पष्ट, आडनावासकट. शेजारी आत्याबाईंनी चमकून माझ्याकडे बघितलं, एवढ्या काळजीतही बघितलं. माझे कान तापले.

डबी म्हणाली, "तुमचा आवाज ओळखता आला नाही."

त्या क्षणी मला ती डबी उचलून अंगणात भिरकावून द्यावीशी वाटली. पुन्हा नाव घेतलं, ओरडून घेतलं. ओरडल्याने यंत्राला काय फरक पडतो! मी आत्याबाईंचे दोन्ही दंड धरले. "आत्याबाई, तुमच्याच आवाजात पाहिजे. घ्या."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. ओठ हलले. सवयीने आधी उखाणाच आला, "मोसंबीच्या बागंला..." आणि मध्येच थांबला. बागेचं नाव निघालं आणि त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. बाग त्यांच्या डोळ्यांपुढे आली असणार. मग त्यांनी डबीच्या दोन्ही बाजूंना हात टेकले आणि नाव घेतलं.

नुसतं नाव. पुढे राव नाही, पाटील नाही, अहो नाही. लहान पोराला घरातून बाहेर हाक मारावी तसं, शेवटचं अक्षर लांबवून. इतकी वर्षं मी ते नाव ऐकत आले, पंचांच्या, तलाठ्यांच्या, भाऊबंदांच्या तोंडून, पण ते असंही म्हणता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला एकदम रडू फुटलं.

"फोन लावत आहे," डबी म्हणाली, आणि आमच्याच घरात मामंजींचं नाव तिनेही घेतलं.

घंटी गेली, थांबली. घड्याळाने फोन उचलला. पलीकडे काहीच नाही. एक पाखरू ओरडत होतं आणि ठिबकची फुटकी नळी फसफसावी तसा आवाज येत होता. आत्याबाईंनी पुन्हा नाव घेतलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा खोल कुठून तरी, झोपेतल्यासारखा आवाज आला, "आलो."

"कुठं हायसा?"

"...खाली."

"खाली म्हंजी? वढ्याकडं का?"

"वढ्याकडं. मोसंबीत."

मी गुळाचा खडा पदरात बांधला, पाण्याची बाटली घेतली. दारातून मागे वळून म्हटलं, "आत्याबाई, बोलत राहा. बिलकुल थांबू नका. झोपू देऊ नका त्यांना." चप्पल घातली की नाही आठवत नाही, म्हणजे नसेलच घातली, कारण नंतर तळव्यातून बाभळीचा काटा काढला.

मी आयुष्यात कधी इतकी पळाले नाही. मोसंबीची बाग लांबून छान दिसते. आत शिरलं की मात्र सगळ्या ओळी सारख्या, सगळी झाडं सारखी, फांद्या जमिनीला टेकलेल्या. खाली पडलेला माणूस शेजारून गेलं तरी दिसायचा नाही. मी बांधावर थांबले. श्वास लागला होता, आणि कळेना कोणत्या ओळीत शिरावं.

आणि बागेतून आत्याबाईंचा आवाज आला.

मनगटावरच्या त्या एवढ्याशा घड्याळातून केवढा खणखणीत आवाज येत होता! त्या भांडत होत्या. "जल्दी उठा म्हणते मी! तुमी लग्नाला ग्येले असते तर बुंदी तरी खाल्ली असती. इथं भाकर गार करून राह्यले. खारीला नळ्या खायाच्या हायेत तर खाऊ द्या, तिचं बी प्वाट हाय. ऐकून राह्यलेत का?" आणि उत्तर आलं नाही की थांबून तेच नाव, लांबवून. मग पुन्हा भांडण. मी त्या आवाजाच्या दिशेने वाकून, फांद्या सारत गेले. जवळ जवळ जाताना आवाज मोठा होत गेला, आणि एका झाडाच्या बुंध्याशी मामंजी दिसले. एका कोपरावर रेलून अर्धे उठलेले, सदरा घामाने चिंब, मुठीत ठिबकची जोडणी.

गूळ तोंडात घातला. त्यांनी आधी नुसताच धरून ठेवला, मग चघळला. पाणी घोट घोट दिलं. थोड्या वेळाने डोळ्यांत ओळख आली. माझ्याकडे बघून पहिलं काय बोलले, तर "तू कामून आली उन्हाची?" माझा जीव भांड्यात पडला. इतका की मी तिथेच ढेकळात फतकल मारून बसले आणि घड्याळाजवळ तोंड नेऊन ओरडले, "आत्याबाई, बोलले! रागावले माझ्यावर!"

पलीकडून काहीतरी अस्पष्ट आलं. हुंदका होता बहुतेक. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि "रागावनारच. साखर उतरली तरी आवाज न्हाई उतरायचा."

माझे मिस्ड कॉल बघून आमचे हे जीप घेऊन परतले आणि त्यांनी मामंजींना वाटूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं. साखर उतरली होती, वर ऊन. अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं, असं त्यांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. मांडवातून धावत आलेले आमचे हे, त्यांच्या कपाळावर अजून लग्नातल्या अक्षता चिकटलेल्या. मी त्या काढल्या नाहीत. राहू देत म्हटलं, आजच्या दिवशी अक्षता कुणाच्याही असोत, चांगल्याच.

दिवेलागणीला आमचा पुढचा सोपा माणसांनी भरला. लग्नाहून परतलेली गल्ली कपडेही न बदलता आमच्याकडेच आलेली. मामंजी खाटेवर उशीला टेकून, आत्याबाई खाली भिंतीला टेकून, पाय लांब करून. दीर डबीतून बोलत होते. त्यांचा आवाज रडवेला. "माय, चुकलंच माझं. मी आत्ताच्या आत्ता बदलतो. बापूंच्या नावाच्या जागी नुसतं 'हे' टाकतो. तू 'ह्यांना फोन लाव' म्हणलं की लागंल."

"आता बदलू नको," आत्याबाई म्हणाल्या.

"कामून?"

"मला येतंय आता. र्‍हाऊ दे हाय तसं."

बायका पदराआड हसल्या. मीही हसले, पण त्या दुपारनंतर ते नाव आत्याबाईंचं झालं आहे, इतरांनी ते जपून वापरावं, असं मला वाटून गेलं. म्हणून तर ते मी इथे लिहिलेलं नाही.

मामंजी इतका वेळ आढ्याकडे बघत होते. मग कुणी न विचारताच बोलायला लागले. हे घड्याळ आज सकाळपासून गोळीची, जेवणाची आठवण देत मनगटावर थरथरत होतं, काय काय बोलत होतं, त्याच्याकडे आपण लक्षच दिलं नाही. चक्कर आली, झाडाखाली बसलो, मग आडवं झालो. त्रास काही नव्हता. उलट गार वाटत होतं, बरं वाटत होतं, उठूच नये असं वाटत होतं.

"मंग कुनीतरी नावानं हाक मारली," ते म्हणाले. "नुसत्या नावानं. तसं मला दोघीच म्हनायच्या, माझी माय अन् थोरली बहीन. दोघी बी ग्येल्या. मला वाटलं, माय बलावून राह्यली. म्हनलं आलं बलावनं, जावं. म्हनून 'आलो' म्हनलो." त्यांनी उशी सारखी केली. "मंग ती भाकरीवरून भांडाया लागली. म्हनलं ही माय न्हाई."

हसता हसता सगळ्यांचे डोळे भरून आले. मामंजी मान वळवून आत्याबाईंकडे बघत होते, जरा चाचरत, नवीन माणसाकडे बघावं तसे.

"येवढं चांगलं येतंय तुला," ते म्हणाले, "मंग इतकी वर्सं एकदाबी कामून न्हाई घेतलं?"

आत्याबाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "बरं झालं न्हाई घेतलं," त्या म्हणाल्या. "रोज घेतलं असतं तर आज उठला असता का?"